कॉम्प्लिमेंटची टेस्ट पहिल्यांदा करताय? मग आधी ट्यूबकडे बघा

इम्युनॉलॉजीच्या बेंचवर नवीन कोणी आलं की मी पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगते, कॉम्प्लिमेंटची टेस्ट मशीनवर फार क्वचित चुकते, ती मशीनपर्यंत यायच्या आधीच चुकलेली असते. बाकी टेस्टमध्ये आपण काहीतरी मोजतो, ग्लुकोज मोजलं, सोडियम मोजलं, झालं. इथे मात्र तीसेक प्रोटीन एकामागून एक नीट काम करतायत का हे बघायचं असतं, आणि ही प्रोटीन इतकी नाजूक की टेबलावर ट्यूब विसरली तरी आपापसातच लढून संपून जातात. म्हणून हा लेख नवीन टेक्निशियन, नवीन रेसिडेंट आणि ज्यांच्या हातात असा रिपोर्ट आलाय पण वाचायचा कसा ते कळत नाहीये अशा सगळ्यांसाठी लिहितेय, क्रमाने जाऊ.

आधी थोडी वायरिंग समजून घ्या

कॉम्प्लिमेंट म्हणजे जंतू मारायला रक्तात कायम तयार उभी असलेली प्रोटीनची साखळी. ती सुरू व्हायला तीन वाटा आहेत. क्लासिकल वाट अँटीबॉडी चिकटली की सुरू होते, सी१ मग सी४ मग सी२. (हो, ४ आधी आणि २ नंतर, कारण नंबर दिले गेले ते शोध लागला त्या क्रमाने, काम करतात त्या क्रमाने नाही. इथे प्रत्येक जण एकदा अडखळतो, तुम्हीही अडखळाल, काही हरकत नाही.) लेक्टिन वाट जंतूच्या अंगावरची साखर ओळखून सुरू होते, एमबीएल किंवा फिकोलिन (ही साखर ओळखणारी प्रोटीन) आणि त्यांच्यासोबतचे मॅस्प (पुढची प्रोटीन कापणारी एन्झाइम), पुढे परत तेच सी४ आणि सी२. तिसरी अल्टरनेटिव्ह वाट, तिला अँटीबॉडी वगैरे काही लागत नाही, सी३, फॅक्टर बी, फॅक्टर डी आणि प्रॉपर्डिन. तिन्ही वाटा सी३ ला येऊन मिळतात आणि तिथून पुढे एकच रस्ता, सी५, सी६, सी७, सी८, सी९, आणि शेवटी जंतूच्या पडद्याला भोक.

तीन वाटा, एक चौक, पुढे एक रस्ता. एवढं चित्र डोक्यात पक्कं बसलं की रिपोर्ट वाचणं पन्नास टक्के जमलं म्हणून समजा, कारण आपण जे करतो ते एवढंच की कुठल्या वाटेने गाडी पोचते आणि कुठल्या वाटेने पोचत नाही ते बघून खड्डा कुठे आहे हे ओळखायचं.

पायरी १: टेस्ट कोणाची करायची

सगळ्यांची नाही. पण काही पेशंट असे असतात की त्यांची केलीच पाहिजे. मेनिंगोकॉकसचा मेंदूज्वर एकदा होऊन गेला आणि परत झाला, किंवा घरात दुसऱ्या कोणाला झाला, किंवा नेहमी न दिसणाऱ्या सेरोग्रुपचा (जंतूच्या उपगटाचा) निघाला, तर थांबू नका. न्यूमोकॉकससारख्या जंतूंचं गंभीर इन्फेक्शन परत परत होतंय आणि इम्युनोग्लोब्युलिन (अँटीबॉडी) नॉर्मल, न्यूट्रोफिल (जंतू खाणाऱ्या पांढऱ्या पेशी) नॉर्मल, तरी करा. लहान वयात ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) झालाय, किंवा एकाच घरात दोन भावंडांना ल्युपस, तरी करा, कारण सी१क्यू पूर्ण नसलेल्या बहुतेक लोकांना ल्युपस किंवा तसाच आजार होतो, आणि सी४ किंवा सी२ नसलेल्यांमध्येही तो नेहमीपेक्षा खूप जास्त दिसतो.

परत परत ओठ, चेहरा, पोट सुजतं पण अंगावर पित्ताच्या गांधी येत नाहीत, अशा पेशंटचा रस्ता वेगळा. तिथे सी४ आणि सी१ इनहिबिटर (सी१ ला आवर घालणारं प्रोटीन) मागायचा, आणि इनहिबिटरचं प्रमाण आणि काम दोन्ही, कारण काही लोकांत ते प्रोटीन भरपूर असतं पण कामच करत नाही. नुसतं प्रमाण बघून नॉर्मल म्हटलं की असा पेशंट हातातून निसटतो.

पायरी २: नमुना, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे

फंक्शनल टेस्टला, म्हणजे साखळी काम करते का ते बघणाऱ्या टेस्टला, सीरम (रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पाणी) लागतं. साधी लाल झाकणाची ट्यूब, शक्यतो जेल नसलेली. रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएची ट्यूब नको, कारण ईडीटीए कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही धरून ठेवतं आणि त्यांच्याशिवाय साखळी हलतच नाही. हेपरिनही नको, ते स्वतःच कॉम्प्लिमेंटच्या कामात अडथळा आणतं. मात्र सी३ए, सी५ए असे तुकडे किंवा विरघळलेलं सी५बी-९ (शेवटच्या रस्त्यातली प्रोटीन जोडून बनलेला गठ्ठा) मोजायचं असेल तर उलटं, तिथे ईडीटीए प्लाझ्माच हवा, कारण तिथे आपल्याला साखळी ट्यूबमध्ये सुरू व्हायलाच नको असते. एकाच पेशंटच्या दोन टेस्टना दोन वेगळ्या ट्यूब, हे रक्त घेणाऱ्या माणसाला आधी फोन करून सांगा, फॉर्मवर लिहिलेलं वाचलं जाईल या भरवशावर राहू नका.

रक्त घेतलं की रूम टेंपरेचरला अर्धा ते एक तास गोठू द्या, लगेच सेंट्रिफ्यूज करा, सीरम वेगळं काढून छोट्या छोट्या ट्यूबमध्ये वाटा आणि उणे ७० किंवा उणे ८० ला टाका. साध्या उणे २० च्या फ्रीझरमध्ये एखादा दिवस ठेवावं लागलं तर ठेवलं, पण तिथे आठवडे काढायचे नाहीत. बाहेर पाठवायचं तर ड्राय आइसमध्ये, आइस पॅक चालत नाही. आणि एकदा वितळलेलं परत गोठवून परत वापरायचं नाही, म्हणून तर छोट्या ट्यूब करायच्या, एक वापरली की संपली.

नमुना आला की ट्यूब हातात घेऊन नीट बघायची सवय लावा. ट्यूब उभी ठेवून गोठवली असेल तर आत सीरमची वरची रेष सरळ असते. ती रेष तिरकी आहे, सीरम एका बाजूला चढून गोठलंय असं दिसलं तर समजायचं की डबा वाटेत कुठेतरी गरम झाला, ट्यूब आडवी पडली, सीरम वितळलं आणि मग परत गोठलं. असा नमुना मी घेत नाही, सरळ दुसरा मागवते. लोक चिडतात, पण चुकीचा रिपोर्ट देण्यापेक्षा ते बरं.

एक प्रसंग सांगते, माझ्या मनातून तो अजून जात नाही. सात वर्षांच्या मुलाचा नमुना आला होता, क्लासिकल शून्य, अल्टरनेटिव्ह शून्य, सी३ आणि सी४ मात्र छान नॉर्मल. कागदावर अगदी सी५ ते सी९ मधलं काहीतरी नसल्याचं चित्र. रिपोर्ट गेला, घरच्यांना सांगितलं गेलं की मुलाला जन्मजात दोष आहे, आईने ते दिवस कसे काढले असतील. मग परत मागवलेला नमुना पूर्ण नॉर्मल आला, आणि विचारपूस केल्यावर कळलं की पहिलं सीरम जिथे गोळा झालं तिथे दोन दिवस साध्या फ्रिजमध्ये पडून होतं. सी३ नॉर्मल का दिसलं? कारण सी३ ची रोजची टेस्ट अँटीबॉडीने प्रोटीन पकडून मोजते, त्या अँटीबॉडीला अख्खं सी३ काय आणि तुटलेल्या सी३ चे तुकडे काय, दोन्ही सारखेच. म्हणजे गाडीचे पार्ट मोजले, गाडी चालते का ते बघितलंच नाही. तेव्हापासून एका नमुन्यावर मी कोणालाही डेफिशियन्सी म्हणत नाही.

पायरी ३: स्क्रीनिंग, आणि दोन्ही टेस्ट एकत्रच

क्लासिकल वाटेची टेस्ट म्हणजे सीएच५०, अल्टरनेटिव्हची एएच५०. पुष्कळ ठिकाणी नुसती सीएच५० पाठवतात, मला ते पटत नाही, कारण प्रॉपर्डिन नसलेला मुलगा सीएच५० मध्ये एकदम नॉर्मल दिसतो आणि तोच मुलगा मेनिंगोकॉकसने काही तासांत जाऊ शकतो. दोन्ही करा.

सीएच५० मागची कल्पना फार जुनी आहे. ज्यूल बोर्डे यांनी १८९० च्या दशकात दाखवलं की ताजं सीरम पेशी फोडतं, तेच सीरम ५६ डिग्रीला तापवलं की ती ताकद जाते पण अँटीबॉडी शिल्लक राहते, आणि वरून थोडं साधं ताजं सीरम घातलं की ताकद परत येते. त्यांना १९१९ चं नोबेल मिळालं. आपण आजही बेंचवर साधारण तेच करतो.

मेंढीच्या लाल पेशी घ्यायच्या, बफरने तीनेकदा धुवायच्या, वरचं पाणी स्वच्छ येईपर्यंत. पाण्यात गुलाबी छटा उरली तर पेशी जुन्या झाल्यात, नवीन बाटली काढा. मग त्यांच्यावर सशात तयार केलेली मेंढीच्या पेशींविरुद्धची अँटीबॉडी चढवायची, तिला हिमोलायसिन म्हणतात. पेशंटचं सीरम वेगवेगळ्या डायल्युशनमध्ये कॅल्शियम मॅग्नेशियमवाल्या बफरमध्ये तयार ठेवायचं, त्यात पेशी घालायच्या आणि ३७ डिग्रीला साधारण तासभर, मधून मधून हलवत, कारण पेशी खाली बसल्या की निम्म्या पेशींपर्यंत सीरम पोचतच नाही. मग थंड बफर घालून थांबवायचं आणि सेंट्रिफ्यूज.

रॅक बाहेर काढल्यावर जे दिसतं ते एकदा तरी डोळ्यांनी बघाच, स्पेक्ट्रोफोटोमीटरला घाईने देऊ नका. जास्त सीरमच्या ट्यूब वरपासून खालपर्यंत लालभडक आणि तळाला काहीच नाही, शेवटच्या ट्यूबमध्ये वर पाण्यासारखं स्वच्छ आणि तळाला लाल पेशींचं घट्ट बटण, आणि मधल्या दोनतीन ट्यूबमध्ये वर गुलाबी, खाली छोटं बटण. आपला आकडा त्या मधल्या ट्यूबमध्ये आहे. ५४१ नॅनोमीटरला हिमोग्लोबिन वाचायचं आणि कुठल्या डायल्युशनला निम्म्या पेशी फुटल्या ते काढायचं. निम्म्याच का? कारण हा आलेख इंग्रजी एस सारखा असतो, वर आणि खाली सपाट, मध्ये चढाव, तिथे सीरममध्ये जरासा फरक पडला तरी तो दिसतो. नव्वद टक्क्यांवरून नव्व्याण्णववर जायला मात्र खूप सीरम लागतं.

कंट्रोल कुठलाही वगळू नका. पेशी अधिक डिस्टिल्ड वॉटर म्हणजे १०० टक्के, पेशी अधिक नुसता बफर म्हणजे शून्य, पेशंटचं सीरम पेशींशिवाय म्हणजे त्याचा स्वतःचा रंग (कावीळवाल्याचं सीरम आधीच पिवळं असतं, ते वजा करायला हवं), बऱ्याच निरोगी लोकांचं एकत्र केलेलं सीरम, आणि तेच सीरम ५६ डिग्रीला अर्धा तास तापवून, ज्यात काहीही फुटायला नको. हा शेवटचा कंट्रोल फुटला तर तो दिवस रद्द.

एएच५० ला सशाच्या लाल पेशी, त्यांच्यावर माणसाची अल्टरनेटिव्ह वाट आपोआप सुरू होते, अँटीबॉडी चढवावी लागत नाही. बफरमध्ये मॅग्नेशियम आणि ईजीटीए. ईजीटीए कॅल्शियम पकडून ठेवतं, त्यामुळे क्लासिकल आणि लेक्टिन बंद, आणि मॅग्नेशियमवर अल्टरनेटिव्ह चालू राहते. एक लक्षात ठेवा, ही वाट डायल्युशनला फार हळवी आहे, सीएच५० सारखं भरपूर पातळ केलंत तर नॉर्मल माणसाचंही शून्य येईल, म्हणून इथे सीरम खूपच जास्त घ्यावं लागतं.

मेंढी आणि ससा नको असेल तर एलायझा आहे. प्लेटच्या खळग्यांत क्लासिकलसाठी आयजीएम, लेक्टिनसाठी मॅनन (यीस्टच्या अंगावरची साखर), अल्टरनेटिव्हसाठी बॅक्टेरियाचं एलपीएस लावलेलं असतं, आणि शेवटी सी५बी-९ तयार झालं का ते रंगाने दिसतं. फायदा असा की तिन्ही वाटा एका प्लेटवर. काही लॅब लायपोसोमवर (चरबीच्या बारीक फुग्यांवर) ऑटोमॅटिक सीएच५० करतात, तेही चालतं. फक्त दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशी जुळवत बसू नका, युनिट वेगळी, नॉर्मल रेंज वेगळी, प्रत्येक लॅबने आपली रेंज स्वतः काढायची.

पायरी ४: पॅटर्न वाचा

सीएच५० शून्य, एएच५० नॉर्मल: खड्डा सी१, सी४ किंवा सी२ मध्ये. यातला युरोपियन वंशाच्या लोकांत सगळ्यात जास्त दिसणारा सी२ चा, साधारण २०,००० मध्ये एक. आणि सी२ नसलेल्यांत सी३, सी४ दोन्ही नॉर्मल असतात, म्हणून "सी३ सी४ नॉर्मल आहेत, कॉम्प्लिमेंट ठीक आहे" असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही. ठीक नाही, अजून बघितलंच नाही.

सीएच५० नॉर्मल, एएच५० शून्य किंवा खूप कमी: प्रॉपर्डिन, फॅक्टर डी, फॅक्टर बी. पेशंट मुलगा असेल तर प्रॉपर्डिन आधी, तो एक्स क्रोमोझोमवर आहे, आईच्या बाजूच्या मामांची हिस्टरी विचारा.

दोन्ही शून्य: चौकात किंवा चौकाच्या पुढे. सी३ मोजा. नॉर्मल असेल तर सी५ ते सी९. खूप कमी असेल तर लगेच सी३ डेफिशियन्सी लिहू नका, फॅक्टर एच आणि फॅक्टर आय मोजा, हे दोन साखळीचे ब्रेक आहेत, आणि ब्रेक नसला की अल्टरनेटिव्ह वाट सुसाट सुटते आणि सी३ जळून जातं.

फक्त लेक्टिन शून्य: बहुतेक वेळा एमबीएल कमी, जे निरोगी लोकांतही सर्रास दिसतं. याच्यावरून पेशंटला घाबरवू नका.

सी९ चा एक वेगळाच प्रकार, सी५बी-८ पर्यंत तयार झालं तरी पेशी हळूहळू फुटतात, म्हणून सी९ नसेल तर सीएच५० शून्य न येता नुसती कमी येते, पण एलायझामध्ये मात्र जवळपास शून्य, कारण तिथे सी५बी-९ च शोधतात. हा दोष जपानमध्ये बराच आढळतो.

पायरी ५: जन्मजात की वापरून संपलंय

खऱ्या जन्मजात पूर्ण डेफिशियन्सीमध्ये आकडा शून्याला टेकलेला असतो. "थोडी कमी" सीएच५० म्हणजे बहुतेक वेळा कॉम्प्लिमेंट कुठेतरी खर्च होतंय. अॅक्टिव्ह ल्युपसमध्ये सी३, सी४ दोन्ही खाली, स्ट्रेप्टोकॉकसनंतरच्या किडनीच्या सुजेत सी३ खाली पण सी४ साधारण नॉर्मल आणि सी३ सहा ते आठ आठवड्यांत वर येतं. लिव्हर खराब असेल तर मुळात बनतच कमी. पेशंट गंभीर इन्फेक्शनमध्ये आहे तेव्हाही आकडे फसवतात, काही प्रोटीन खर्च होऊन कमी, काही सुजेमुळे वाढलेली, म्हणून बरा झाल्यावर काही आठवड्यांनी परत करा. नवजात बाळाचे आकडे मोठ्यांपेक्षा कमीच असतात, सी९ तर फारच कमी, मोठ्यांची रेंज लावून बाळाला लेबल लावू नका.

आणि औषध विचारा. एक्युलिझुमॅब घेणाऱ्याचं सी५ अडवलेलं असतं, त्याची सीएच५० शून्याजवळ येणं म्हणजे औषध काम करतंय. फॉर्मवर औषध लिहिलेलं नसतं, तुम्हीच फोन करायचा. क्रायोग्लोब्युलिनवाल्या (थंडीत साकळणाऱ्या अँटीबॉडी असलेल्या) पेशंटचं सीरम थंडीत स्वतःच कॉम्प्लिमेंट खाऊन टाकतं, तिथे सीरममध्ये शून्य येऊ शकतं आणि पेशंटच्या अंगात मात्र कॉम्प्लिमेंट शिल्लक असू शकतं, अशा वेळी रक्त ३७ डिग्रीला गोठू देऊन, गरम ठेवूनच वेगळं करावं लागतं.

पायरी ६: नेमकं कुठलं प्रोटीन

परत मागवलेल्या नमुन्यातही शून्य आलं, मगच पुढे. एकेक प्रोटीनचं प्रमाण नेफेलोमेट्री (गढूळपणा प्रकाशाने मोजणं) किंवा एलायझाने मोजता येतं, पण मला डिप्लीटेड सीरमची पद्धत आवडते कारण ती काम बघते. सी६ काढून टाकलेलं सीरम घ्या, त्यात पेशंटचं सीरम मिसळा. पेशी फुटल्या तर पेशंटने सी६ पुरवलं. मग सी७ नसलेलं, सी८ नसलेलं, असं करत जा, ज्याच्यासोबत पेशी फुटत नाहीत तेच पेशंटकडे नाही. यात प्रोटीन आहे पण निकामी आहे असे पेशंटही सापडतात, ते नुसत्या मोजमापात सुटतात. जेनेटिक टेस्ट त्यानंतर. सी२ मध्ये बहुतेकांना २८ बेसपेअरचं डिलीशन असतं, ते शोधणं सोपं. सी४ अवघड, कारण सी४ए आणि सी४बी या जवळजवळ जुळ्या जीनच्या प्रती माणसागणिक कमीजास्त असतात, साध्या सिक्वेन्सिंगमध्ये त्या एकमेकांत मिसळून जातात.

रिपोर्ट लिहिताना

नुसता आकडा टाकून मोकळं होऊ नका. नमुना कसा आला, गोठलेला होता का, कितवा नमुना आहे, हे लिहा. पहिला नमुना असेल तर स्पष्ट लिहा की "नवीन नमुन्यावर खात्री केल्याशिवाय निदान करू नये". पक्कं झालं असेल तर भावंडांची टेस्ट करायला सुचवा, त्यांना अजून काही झालेलं नसलं तरी, कारण आई आणि वडील दोघांकडून आलेला दोष असेल तर प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता चारात एक. आईवडिलांची सीएच५० मात्र बहुतेक नॉर्मल येईल, एक चांगला जीन पुरतो, त्यावरून "घरात कोणाला नाही" असं कोणी म्हणू नये.

शेवटच्या रस्त्यातला दोष किंवा प्रॉपर्डिन निघालं तर रिपोर्ट सिस्टिममध्ये टाकून वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरला फोन करायचा. मेनिंगोकॉकसच्या लसी, एसीडब्ल्यूवाय (ए, सी, डब्ल्यू, वाय या गटांची) आणि बी दोन्ही, लवकर द्यायला हव्यात आणि ताप आला तर थांबायचं नाही हे घरच्यांना समजायला हवं. फोन केला, कोणाशी बोललात, किती वाजता, ते रजिस्टरमध्ये लिहून ठेवा, आणि भावंडांच्या ट्यूब कधी येणार तेही त्याच फोनवर ठरवून घ्या, म्हणजे ड्राय आइसचा डबा आधीच पाठवता येतो.